किण्वाची परीक्षा

आमच्या नगरांत किण्वाचें, म्हणजे यीस्टचें, नांव काढलें कीं प्रथम बिअरचे कारखाने डोळ्यांपुढें येतात. इ. स. २०१६ च्या दुष्काळांत मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठानें मद्य व बिअरच्या कारखान्यांचें पाणी कमी करण्याचा हुकूम केला. तेव्हांची तहान अजून पुष्कळांच्या स्मरणांत आहे. परंतु त्याच कुळांतील किण्व आपला पाव फुगवितें, आणि शेताच्या बांधावर जळून जाणाऱ्या पऱ्हाट्यांपासून उद्यां इंधनही देऊं शकेल. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा कारखाना पानिपत येथें २०२२ सालीं राष्ट्रास अर्पण झालाच आहे.

यांत एक अडचण आहे, ती आम्लाची. काडीकचऱ्यांतील साखर मोकळी करूं लागलें म्हणजे तिजबरोबर असेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यांतील आम्ल, सुटतें. तें पेशींत शिरून आंतील द्रव आंबट करितें. हा आंबटपणा बाहेर लोटण्यांतच किण्वाची शक्ति खर्च झाल्यावर इथेनॉल कोठून व्हावें? यास्तव आम्ल सोसणारें किण्व हवें.

तें शोधण्याची रीत मनन करण्याजोगी आहे. पावाच्या किण्वाचा जनुकसंच १९९६ सालीं संपूर्ण वाचला गेला. त्यांत सुमारें ६,००० जनुकें आहेत. पुढें शास्त्रज्ञांनीं प्रत्येकांतून एकेकच जनुक काढून सुमारें ५,००० वाण सिद्ध केले. साध्या पोषक द्रवांत यांतील बहुतेक वाण सुखानें वाढतात. कोणांत काय उणें आहे तें कळत नाहीं. तेच आम्लांत ठेविले म्हणजे कांहीं खुंटतात. आणि जो खुंटला त्यांतून काढलेलें जनुक आम्लाशीं झुंजण्यास लागतें, असें समजतें. एच. ए. ए. १ या जनुकाचें महत्त्व अशाच परीक्षांत दिसून आलें. तें इतर अनेक जनुकांस जागें करितें. त्याचें कार्य वाढविल्यास किण्व आम्ल अधिक सोसतें.

तेव्हां ही सारी विद्या खुंटलेल्या वाणांच्या नोंदीवर उभी आहे. आमच्या वर्गांतून मात्र काय चालतें? एका विद्यार्थ्यानें दोन बाटल्यांत यीस्ट व साखरपाणी घातलें, एकींत शिरकाही ओतला, आणि दोहोंच्या तोंडास फुगे बांधले. शिरक्याच्या बाटलीवरचा फुगा फुगला नाहीं. त्यानें तें पान फाडून शेजाऱ्याच्या वहींतील उत्तर उतरून घेतलें, आणि आम्हीं त्यावर लाल सही केली! शिक्षण घेऊन वीस वर्षें लोटल्यावर आमच्या हातून हें घडलें, हें लज्जेनें कबूल करितों. फाडलेलें पान हेंच त्या दिवशींचें खरें शास्त्र होतें.

कोणी म्हणेल, परीक्षक ठराविक उत्तरासच गुण देतो, त्यास काय करावें? आमचें उत्तर असें कीं, निदान वर्षभराच्या वहींत तरी न फुगलेल्या फुग्यास गुण द्यावे, आणि तो कां फुगला नाहीं हें विचारावें. विद्यार्थी मित्रहो, यापुढें तसें पान फाडूं नका. आम्हीही उतरलेल्या उत्तरावर सही करणार नाहीं.