आधी रेकॉर्ड्स बघा, मग प्लेअर

हल्ली बऱ्याच मित्रांना रेकॉर्ड प्लेअर घ्यायचाय. घ्या की! फक्त आधी गावातल्या घराच्या माळ्यावर आजोबांनी काय ठेवलंय ते बघा.

आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्ड्स म्हणजे बऱ्याचदा लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. नाशकात जन्मलेले द. वि. पलुसकर (१९२१-१९५५) ऐन उमेदीत गेले. त्यांच्या हयातीतल्या रेकॉर्ड्स याच जातीच्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, आणि तेवढ्यात राग उभा!

ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्ससारखा सुरुवातीचा प्लेअर मात्र ३३ आणि ४५ वरच फिरतो. सुटकेसवाल्या बऱ्याच स्वस्त प्लेअर्सना ७८ चं बटण असतं, पण सुई एलपीची. ७८ ची खाच त्याहून बरीच रुंद. बारीक सुई तळाशी जाऊन बसते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. मग घरचे म्हणतात, रेकॉर्डच खराब झाल्यात, आणि पेटी जाते भंगारात.

म्हणून माझं सरळ मत: एलपी असतील तर साधा प्लेअर खुशाल घ्या. ७८ असतील तर तिन्ही वेग असलेलं आणि ७८ ची वेगळी सुई बसणारं मशीनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. पलुसकर यूट्यूबवरही सापडतील, मान्य. पण आजोबांनी घासून घासून ऐकलेली ती प्रत तिथे नाही मिळणार.