मैदान सरकारचं, लीग पुरुषांची

आमच्या मोडनिंबच्या किशोरी गटात मी दर वर्षी एक प्रश्न विचारते. पुढे काय करायचं ठरवलंय? उत्तरं ठरलेली असतात. नर्सिंग, पोलीस भरती, एखादी म्हणते बँकेची परीक्षा. या वेळी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी गप्प बसली होती. तिच्या शेजारची म्हणाली, “ताई, ती खो-खो खेळते.” दोघीतिघी हसल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “ते झालं गं, पण पुढे काय?”

या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. ही मुलगी सलग दोन वर्षं विद्यापीठाच्या संघातून खेळलेली. खांबावर सूर मारून गडी टिपते तेव्हा मैदानाच्या कडेला उभी असलेली पोरं शिट्ट्या वाजवायची विसरतात. एम.एस.डब्ल्यू. झालेली, दहा-बारा वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम केलेली मी, आणि मीही तिला तोच प्रश्न विचारला जो तिचा चुलता विचारतो.

त्याच घरात, त्याच अंगणात वाढलेला तिचा चुलतभाऊ आहे. तोही खो-खो खेळतो. बरा खेळतो, पण हिच्याइतका नाही, हे तो स्वतः कबूल करतो. त्याला कुणी विचारलं, पुढे काय, तर तो सांगतो, “लीगची तयारी चाललीय.” निवड चाचणीला पुण्याला जाऊन आला, निवड झाली नाही. तरी त्याला घरातून दोन वर्षं मिळाली. दूध मिळालं, बूट मिळाले, शेतातल्या कामातून सकाळची सुटका मिळाली. हिला काय मिळालं, तर गेल्या दिवाळीपासून पाहुणे.

लीग म्हणजे नेमकं काय, हे आपल्यापैकी ज्या मैत्रिणी खेळाच्या बातम्या वाचत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ‘अल्टिमेट खो-खो’ नावाची व्यावसायिक स्पर्धा २०२२ साली सुरू झाली. सहा संघ, प्रत्येकाचा मालक वेगळा. जुलै २०२२ मध्ये पुण्यात खेळाडूंचा ‘ड्राफ्ट’ झाला, म्हणजे संघमालकांनी आळीपाळीने यादीतून खेळाडू उचलले. खेळाडूंचे चार गट पाडले होते. वरच्या गटाला हंगामाचे ५ लाख, मग ३ लाख, दीड लाख आणि शेवटच्या गटाला १ लाख. तीन आठवड्यांच्या खेळाचे हे पैसे. ज्या खेळाने आजवर फार तर रेल्वेत किंवा विमानतळ प्राधिकरणात एखादी नोकरी मिळवून दिली, त्या खेळात ही रक्कम लहान नाही. आपल्याच माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नईच्या संघातून खेळला आणि टी.व्ही.वर त्याचं हवेत झेपावणं देशाने पाहिलं. आम्हाला त्याचा अभिमान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. दुसरा हंगाम २०२३च्या डिसेंबरात कटकला सुरू झाला. त्या वेळी १६ ते १८ वयाचे मुलगेही निवडले गेले.

या दोन्ही हंगामांच्या यादीत मुलगी एकही नव्हती. मुली कमी पडल्या म्हणून नव्हे. मुलींसाठी यादीच नव्हती.

१६ ते १८! हे वय वाचून मी थबकले, कारण आमच्या जिल्ह्यात या वयाला दुसराच अर्थ आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात शंभरात सुमारे २२ होतं, सोलापूर जिल्ह्यात सुमारे ४०. म्हणजे ज्या वर्षी मुलाचं नाव ड्राफ्टच्या यादीत चढतं, त्याच वर्षी मुलीचं नाव पत्रिकेवर छापलं जातं. ही मुलगी अकरावीत होती तेव्हा तिच्याबरोबर शाळा-कॉलेजात खेळणाऱ्या सात जणी होत्या. आता दोघी उरल्या.

कुणी म्हणेल, एक लाख रुपयांनी लग्न थांबतं का? माझ्या मते थांबतं, आणि ते पैशामुळे नव्हे. तिच्या आईने मला फार नेमकं सांगितलं. “ताई, भरती म्हणलं तर मी तिच्या बापाला सांगू शकते, वर्षभर दम धरा म्हणून. खो-खोचं काय सांगू? त्येला म्होरं काय हाय?” बाईला मुलीच्या खेळाचा राग नाही. तिला घरातल्या पुरुषांपुढे ठेवायला एक शब्द हवाय. ‘पोलीस भरती’ हा तसा शब्द आहे, म्हणून गावोगाव मुली पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. ‘लीग’ हा मुलासाठी तसाच शब्द झाला. निवड होवो न होवो, त्या शब्दावर त्याला दोन वर्षांची मुदत मिळाली. मुलीच्या पदरात तो शब्दच कुणी घातला नाही.

आता पैशाकडे येते, कारण खासगी कंपन्यांची लीग आहे, ते कुणाला घ्यायचं ते ठरवतील, असं ऐकवलं जातं. पहिला हंगाम कुठे झाला? बालेवाडीला, शिवछत्रपती क्रीडानगरीत. ती सरकारने, म्हणजे तुमच्या-माझ्या कराच्या पैशातून बांधली. ओडिशाचा संघ कुणाचा? ओडिशा सरकारच्या क्रीडा कंपनीचा. आणि हे खेळाडू घडले कुठे? जिल्हा परिषदेच्या शाळांच्या मैदानावर, अनुदानित कॉलेजात, विद्यापीठाच्या क्रीडा शुल्कावर. ते शुल्क आमच्या मुलीही भरतात, अगदी ज्या कधी मैदानावर पाय ठेवत नाहीत त्यासुद्धा. सगळ्यांच्या पैशावर पीक काढायचं आणि खळ्यावर मात्र पुरुषांनीच उभं राहायचं, याला खासगी व्यवहार म्हणत नाहीत.

दुसरा युक्तिवाद ठरलेला: मुलींचे सामने कोण बघणार? १९ जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्याच दिवशी मुलांच्या संघानेही नेपाळलाच ५४-३६ने हरवलं. एकच मैदान, एकच दिवस, दोन्ही चषक भारताचे. मग घरी परतल्यावर एकाला लीग आणि दुसरीला हार-तुरे, हा हिशेब कुणी आणि कुठल्या खोलीत बसून केला?

प्रेक्षक आपोआप उगवत नसतात, ते तयार केले जातात. २०१४पूर्वी कबड्डीसाठी रात्री आठ वाजता घरोघरी टी.व्ही. लागेल असं कोण म्हणत होतं? प्रो कबड्डीवर पैसा ओतला, दिवे लावले, खेळाडूंच्या गोष्टी सांगितल्या, वर्षानुवर्षं चालू ठेवली. मुलींच्या वाट्याला काय आलं? २०१६ साली ‘महिला कबड्डी चॅलेंज’. तीन संघ, पुरुषांच्या हंगामाच्या पोटात बसवलेले थोडे सामने. मुंबईची अभिलाषा म्हात्रे एका संघाची कर्णधार होती. अंतिम सामना २४-२३ असा, एका गुणाने सुटला. यापेक्षा रंगतदार सामना आणखी कसा असतो? तरी पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही.

हॉकीतही तेच. हॉकी इंडिया लीग २०१३ ते २०१७ चालली ती पुरुषांचीच. २०२४च्या ऑक्टोबरात लिलाव झाला तेव्हा पहिल्यांदा बायकांना जागा मिळाली. पुरुषांचे आठ संघ, बायकांचे चार. सर्वांत महाग पुरुष खेळाडू ७८ लाखांना, सर्वांत महाग बाई ३२ लाखांना. ही तफावत बोचते. पण दार उघडल्यावरच तफावतीवर भांडता येतं. आमच्या खो-खोच्या पोरीला भांडायला तफावतसुद्धा नाही.

आणि दार उघडलं की काय होतं, तेही आमच्याच जिल्ह्यात बघा. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी भालाफेक, गोळाफेक करायची, क्रिकेटकडे उशिरा वळली. २०२३ला महिला प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा तिला उत्तर प्रदेशच्या संघाने ३० लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात तिने अर्धशतक केलं. बॅटला कुणी पुरस्कर्ता नव्हता, म्हणून तिने बॅटवर स्वतःच धोनीचं नाव आणि नंबर लिहिला होता. मिरे आणि वेळापूर एकाच तालुक्यात. क्रिकेटमधली मुलगी आणि खो-खोमधला मुलगा तिथून देशापुढे गेले. खो-खोमधली मुलगी मात्र जिल्हा स्पर्धेच्या ढालीशी थांबते. मग बक्षीस समारंभात आम्ही म्हणायचं, ग्रामीण मुलींमध्ये जिद्द नाही!

इथे आपल्याच चळवळीतल्या एका आक्षेपाबद्दल बोलायला हवं. मागच्या शिबिरात मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, “मुलींचा लिलाव व्हावा म्हणून आपण भांडायचं का?” त्यांचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही. ‘लिलाव’ हा शब्द मलाही खटकतो, गुरांच्या बाजारातला वाटतो. बाजार आला की कपडे, जाहिराती, कोण गोरी दिसते, हे सगळं येणार, हेही खरं. पण ताईंना मी तेव्हा विचारलं तेच इथे विचारते. आमच्या मुलीचा बाजार आत्ता होत नाही का? पाहुणे येतात, उंची विचारतात, हुंडा ठरतो, तिच्या पळण्याने रंग काळवंडला म्हणून दर वाढतो. त्या बाजारात पैसे तिच्या बापाने द्यायचे आणि मत तिला विचारायचं नाही. मैदानावर निदान ती काय करते ते पाहून कुणीतरी पैसे तिच्या हातात ठेवील. दोन बाजारांत निवड करायची वेळ आली तर मी कुठल्या बाजूला उभी राहायचं, याबद्दल मला शंका नाही. बाजार नकोच म्हणायची चैन ज्यांना परवडते त्यांनी जरूर म्हणावं.

मात्र लीग हेच उत्तर आहे असंही मी म्हणत नाही. लीगपर्यंतचा रस्ता कॉलेजातून जातो आणि तो रस्ताच मुलींसाठी खड्ड्यांचा आहे. मी स्वतः कॉलेजच्या संघात होते. कुठलं कॉलेज ते सांगत नाही. बाहेरगावी स्पर्धेला मुलांची सोय वसतिगृहात असायची आणि आमची एका शाळेच्या वर्गात. दाराला कडी नव्हती. बाकं ओढून दाराला लावायचो आणि पाळीपाळीने जागायचो. अंघोळीला नळ उघड्यावर, म्हणून पहाटे चारला उठायचो. पाळी आलेली असली तर कुणाला सांगायचं? संघाबरोबर बाईमाणूस कुणीच नसायचं. मुलांना त्या वर्षी नवे ट्रॅकसूट मिळाले, आम्हाला आदल्या वर्षीच्या मुलींनी परत केलेले. आम्ही काही बोललो नाही. बोललं तर पुढच्या वेळी संघ नेणारच नाहीत, अशी भीती.

आज मोडनिंबच्या मुली सांगतात त्यात फार फरक पडलेला नाही. सराव संध्याकाळचा, आणि सराव संपेपर्यंत वाडीवस्तीकडे जाणारी शेवटची एस.टी. निघून गेलेली. दोन मुलींनी खेळ सोडला तो एवढ्याच कारणाने. हायवेवर दिवे असतात, वस्तीच्या रस्त्यावर नसतात. शिवाय मैदानावरच्या सत्तेचा प्रश्न आहेच. २०२३ साली जंतरमंतरवर आंतरराष्ट्रीय पदकं जिंकलेल्या कुस्तीगीर बायकांना फुटपाथवर बसावं लागलं, तर तालुक्याच्या गावातल्या मुलीने प्रशिक्षकाविरुद्ध कुणाकडे जायचं? कॉलेजात तक्रार समिती कागदावर असते, पण स्पर्धेच्या दौऱ्यावर ती बरोबर येत नाही. २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार स्त्रिया असाव्यात असं म्हटलं आहे. चांगलं आहे. पण आपला ग्रामपंचायतीचा अनुभव ध्यानात ठेवून बोलते, त्या जागांवर कुणाच्या तरी सौभाग्यवती येऊन बसणार नाहीत याची खबरदारी आपणच घ्यायची आहे.

धाराशिवच्या सारिका काळेने हा सगळा रस्ता लीगशिवाय कापला. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक आलं, २०२०ला अर्जुन पुरस्कार मिळाला, पुढे ती क्रीडा अधिकारी झाली. तिचं उदाहरण भाषणात सगळे देतात. मला ते उदाहरण देताना हल्ली संकोच वाटतो. शंभर मुलींना बंद दार दाखवायचं आणि भिंतीवरून उडी मारून गेलेल्या एकीचा फोटो त्या दारावर लावायचा, असा तो प्रकार होतो.

म्हणून जिल्ह्यातल्या गटांपुढे मी मांडते आहे ते एवढंच. ज्या स्पर्धेला सरकारी मैदान किंवा सरकारी पैसा हवा आहे, तिने त्याच हंगामात, त्याच मैदानावर मुलींचे संघ उतरवावेत, नाहीतर मैदान देऊ नये. ही अट शासनाने लेखी घालावी. विद्यापीठाने मुलींच्या प्रत्येक संघाबरोबर स्त्री व्यवस्थापक पाठवावी, आणि कॉलेजांनी क्रीडा शुल्कातला किती रुपया मुलींवर खर्च झाला ते फलकावर लावावं. शेवटच्या मागणीसाठी कुठल्या मंत्र्याकडे जायची गरज नाही, माहितीच्या अधिकारातला एक अर्ज पुरतो. माढा तालुक्यातल्या कॉलेजांसाठी तो अर्ज आम्ही तयार केला आहे. ज्या गटांना हवा असेल त्यांना नमुना पाठवू.

ती मुलगी सध्या पहाटे हायवेच्या कडेच्या रस्त्यावर ८०० मीटर पळते, भरतीसाठी. संध्याकाळी जमेल तेव्हा खो-खो. पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी आहे आणि नेमके त्याच आठवड्यात पंढरपूरकडचे पाहुणे यायचे आहेत. पाहुण्यांची तारीख पुढे ढकला हे सांगायला येत्या रविवारी मी आणि तिची आई तिच्या चुलत्याकडे जाणार आहोत, कारण त्या घरात शब्द त्यांचा चालतो. चुलतभाऊ म्हणालाय, “ताई, मीपण येतो बोलायला.” त्याला घेऊन जाणार आहोत.