ब्रेक कडक का होतो?

‘ब्रेक लागतो खरा, पण पाय दुखेपर्यंत दाबावा लागतो,’ ही मोटार बाळगणाऱ्या घरांतील नेहमीची तक्रार आहे. तिच्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे पॅड बदलून घेणे! पॅड नवे येतात, पैसे जातात आणि पेडल मात्र पूर्वीइतकेच ताठ राहते. याचे कारण असे की, पुष्कळदा बिघाड ब्रेकमध्ये नसतोच. ब्रेकला मिळणारे साहाय्य तेवढे बंद पडलेले असते.

ज्यांनी जुनी अँबॅसिडर किंवा फियाट चालविली असेल, त्यांना पायाचा जोर हाच ब्रेकचा सारा जोर होता, हे आठवत असेल. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले की चालकाच्या बाजूस, मागील पत्र्याला टेकून बसलेला एक पसरट गोल डबा दिसतो. हा बूस्टर. त्याची मूळ कल्पना आल्बेर देवांद्र या बेल्जियन अभियंत्याने १९२७ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. डब्याच्या आत एक रबरी पडदा असतो. पेट्रोलचे इंजिन चालू असताना एका नळीवाटे डब्यातील हवा ओढून घेते व आत हवा विरळ होते. पेडल दाबताच पडद्याच्या मागील बाजूस बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे रेटते. निर्वात ओढतो असे म्हणण्याची रूढी आहे. पण वस्तुतः तो काहीच ओढत नाही, ढकलते ते वातावरण. २० सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर हवेच्या दाबाचा दोनतृतीयांश फरक मिळाला, तरी सुमारे २०० किलोग्रॅम वजनाएवढा रेटा उत्पन्न होतो. माग्डेबुर्गच्या गोलार्धांचा धडा आपण सर्वांनी घोकलेला आहे. तोच प्रयोग रोज आपल्या पायाखाली चाललेला असतो, हे मात्र कुणी सांगितलेले नसते.

हे साहाय्य येते की नाही, याची परीक्षा घरच्या अंगणात होते. गाडी सपाट जागी, हातब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये उभी करावी. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबावे. साठलेला निर्वात संपून ते कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल आपोआप थोडे खाली गेले, तर बूस्टर शाबूत आहे. ते जागचे हलले नाही, तर दोष नळीत, तिच्यातील एकमार्गी व्हॉल्व्हमध्ये किंवा प्रत्यक्ष बूस्टरमध्ये असतो.

या तिघांतील अपराधी ओळखणे फारसे अवघड नाही. नळी उन्हाने व इंजिनाच्या उष्णतेने तडकते, तिची क्लिप सैल होते. अशा वेळी इंजिनही मंद गतीवर अडखळू लागते. पेडल दाबताना पायाजवळ सुस्कारा ऐकू आला, तर पडदा फाटल्याचा संशय घ्यावा. मिस्त्रीला बूस्टरकडील नळी काढून, इंजिन चालू ठेवून तिच्या तोंडावर अंगठा धरावयास सांगावे. ओढ जोरदार लागली तर बूस्टर दोषी. लागली नाही तर नळी वा व्हॉल्व्ह. हा प्रश्न विचारल्यावाचून बूस्टर बदलण्यास होकार देऊ नये, कारण नळीची किंमत बूस्टरच्या मानाने अगदीच किरकोळ असते. डिझेल इंजिन स्वतः पुरेसा निर्वात उत्पन्न करीत नाही. त्यासाठी त्यास निराळा पंप जोडलेला असतो, म्हणून तेथे चौथा संशयित तो पंप. बूस्टर निर्दोष ठरला आणि तरीही ब्रेक जड लागत असेल, तरच पॅड चकाकून गुळगुळीत झाले आहेत का, कॅलिपर अडकला आहे का, हे पाहावे. पेडल मऊ लागणे, खाली खाली जाणे, हा याच्या उलट व अधिक भयंकर रोग. त्याचे मूळ ब्रेक ऑइलच्या गळतीत किंवा त्यात शिरलेल्या हवेत असते. अशी गाडी रस्त्यावर काढूच नये.

आता मुख्य गोष्ट. इंदूरची पुष्कळ कुटुंबे लग्नसराईत आग्रा-मुंबई रस्त्याने धुळे-नाशिककडे जातात. मानपूरचा उतार व पुढे सेंधव्याजवळचा बिजासन घाट आला की, पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी घरंगळत सोडणारे महाभाग अजूनही आढळतात. इंजिन थांबताच निर्वात निर्माण होणे थांबते. साठलेला निर्वात दोनतीन दाबांपुरता असतो. चौथ्या दाबाला पेडल दगडासारखे होते, आणि ते नेमके वळणावर होते. चार घोट पेट्रोलासाठी गाडीतील पाच जिवांचा हा सौदा मला तरी समजत नाही. उतारावर इंजिन चालू ठेवून खालच्या गिअरमध्येच गाडी उतरवावी.

चालत्या गाडीत पेडल एकाएकी कडक झालेच, तर ते पुन्हा पुन्हा दाबून सोडू नये. त्याने उरलासुरला निर्वातही संपतो. ब्रेक नाहीसा झालेला नसतो, जड झालेला असतो. म्हणून संपूर्ण भार टाकून, लागलेच तर दोन्ही पायांनी, पेडल एकदाच दाबून धरावे. गिअर एकेक करून खाली आणावा. हातब्रेक ओढण्याचा असेल तर त्याचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा. झटक्याने ओढल्यास मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरते. गाडी थांबेपर्यंत किल्ली मात्र काढू नये, नाहीतर स्टिअरिंगही अडकते.