वजन वाचते, उजेड जातो



‘पैसे गेले तरी चालतील, पण दुर्बीण हलकीच घ्या’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला दाजीपूरच्या जंगलात टिकत नाही. दाखला त्यांनी शिकारी बंदुकीवरच्या दुर्बिणीचा दिला आहे. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय मिटवला. आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य मिळवले, त्यात बंदुकीवर दुर्बीण चालतच नाही.

राहता राहिले आम्ही, गवे बघणारे. ८×२५ची दुर्बीण खिशात मावते, मान्य. पण पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्याच मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यापर्यंत पोचतो: तिच्यात जेमतेम तीन, ८×४२मध्ये सव्वापाच. भर दुपारी फरक कळत नाही. गवे मात्र दिवेलागणीला झाडीबाहेर येतात. तेव्हा लहान भिंगातून नुसता काळा ढीग दिसतो, मोठ्यातून त्याच्या पायातले पांढरे मोजेसुद्धा. महागड्या काचेने रंग आणि कडा सुधारतात, व्यास वाढत नाही. पण म्हणून कुणी ८×५६ गळ्यात अडकवू नये. साठीनंतर डोळ्याची बाहुली अंधारातही फारशी उघडत नाही, जादा उजेड वायाच जातो.

पैसे मोजायचेच तर नायट्रोजन भरलेल्या, पाणी न शिरणाऱ्या दुर्बिणीसाठी मोजा. राधानगरीच्या पावसात आतून बुरशी धरली की हलकी काय, जड काय! मानेचा भार खांद्यांवर घेणारा पट्टा लावला, तर सातशे ग्रॅमची कुरकुर राहत नाही.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर