वसई किल्ल्यातील भग्न चर्च, कबरशिळा व दफनभूमी यांची नोंद आणि जतन करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अधीक्षक पुरातत्त्वविद,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, मुंबई मंडळ

विषय : वसई किल्ल्यातील कबरशिळांची डागडुजीपूर्व नोंद व्हावी आणि दफनभूमीचे संरक्षण व्हावे.

महोदय,

वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या कबरशिळांवरची अक्षरे दर पावसाळ्यागणिक पुसट होत आहेत. पडकी भिंत लांबूनही दिसते, म्हणून तिची काळजी वाहिली जाते. पायाखालची शिळा मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसताना कोरी होते, आणि एकदा कोरी झालेली शिळा कोणत्याही डागडुजीने पुन्हा बोलती होत नाही. म्हणून आधी नोंद आणि मग दुरुस्ती, असा क्रम ठरावा, यासाठी आम्ही वसई परिसरातील नागरिक हे निवेदन सविनय सादर करीत आहोत.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा पंथांनी आपापली चर्च व मठ उभारले. शहरवासीयांचे मुख्य चर्च मात्र सेंट जोसेफचे. गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत १६०१ साली त्याची नव्याने उभारणी झाल्याचा लेख त्याच्या दारावर कोरलेला होता. त्या वेळचे तिथले धर्मगुरू पेद्रो गाल्व्हाव १६१८ मध्ये वारले आणि त्यांनी वाढवलेल्या त्याच चर्चमध्ये त्यांची कबर झाली. जेझुइटांच्या चर्चमध्ये १५९१ साली वारलेल्या इसाबेल दे आगिआर या विधवेची शिळा होती. तिथल्या विद्यालयाला तिने सढळ हाताने मदत केल्याची नोंद त्या शिळेवर होती. त्या काळच्या वसईतल्या किती स्त्रियांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत? कागदपत्रांत सुभेदार, कप्तान आणि पाद्री भेटतात. घरादाराची माणसे भेटतात ती या शिळांवर.

हे लेख आज आपल्याला माहीत आहेत ते मुख्यतः डॉ. जोसे गर्सन दा कुन्हा यांच्यामुळे. मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत वैद्यकी करणाऱ्या या विद्वानाने चौल व वसई येथील पुरावशेषांवरचा आपला ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी वाचलेल्या ओळींपैकी आज जागेवर किती वाचता येतात, हे शिळेशेजारी बसून ताडून पाहणे ही आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी आहे. किल्ल्यातील प्रत्येक शिळेला क्रमांक द्यावा, नकाशावर तिची जागा दाखवावी, मोजमाप घ्यावे आणि तिरप्या प्रकाशात छायाचित्रे काढावीत. भर दुपारी जी शिळा साफ कोरी वाटते, तिच्याच कडेला संध्याकाळी विजेरी जमिनीलगत आडवी धरली की सावली खाचांत उतरते, आणि कुलचिन्हाची ढाल, तिच्याखालची ओळ, वर्षाचा एखादा आकडा वर येतो. हे काम खर्चिक नाही. पोर्तुगीज जाणणारा अभ्यासक, छायाचित्रकार आणि एक मोकळा हिवाळा एवढे हाताशी असले तरी त्याचा मोठा भाग उरकेल. दगडाचा पापुद्रा सुटलेला असेल तिथे कागदी ठसा घेऊ नये, ही विनंती.

दुसरी मागणी न खणण्याची आहे. शिळा होती ती ऐपतदारांची. साध्या माणसांना चर्चभोवतीच्या मोकळ्या जागेत पुरण्याची त्या काळची रीत होती आणि त्यांच्यावर लेख नसे. आज गवताखाली सपाट दिसणाऱ्या या जागेत वाहनतळ, पायवाट, विजेचा खांब किंवा गटार यांसाठी कुदळ पडण्यापूर्वी भूमिवेधी रडारने तपासणी व्हावी. काम टाळता येण्यासारखे नसेल तर पुरातत्त्वविद जागेवर हजर असावा. अस्थी आढळल्यास काम तिथेच थांबवावे, त्या हलवण्याआधी जागेची संपूर्ण नोंद घ्यावी आणि स्थानिक धर्मग्रामाला कळवावे.

अवशेषांच्या नेमक्या जागेचे महत्त्व जुने गोवे येथे आपल्याच खात्याच्या उत्खननाने सिद्ध केले आहे. जॉर्जियाच्या राणी केतेवान यांना १६२४ मध्ये शिराझ येथे ठार मारण्यात आले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी त्यांच्या काही अस्थी गोव्याला आणल्या. तिथल्या त्यांच्या मठातील कोणत्या खिडकीजवळ आणि कशा पेटीत त्या अस्थी ठेवल्या, हे पोर्तुगीज कागदांत लिहिलेले होते. कोसळलेल्या सेंट ऑगस्टिन संकुलाच्या ढिगाऱ्यातून ती खिडकी निश्चित झाली, अस्थी मिळाल्या, हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रात त्यांची जनुकीय तपासणी झाली आणि २०२१ मध्ये अवशेषांचा एक भाग भारताने जॉर्जियाला सन्मानपूर्वक दिला. तो ढिगारा कोणी आधीच साफसफाई म्हणून उपसला असता, तर हाती केवळ एक निनावी हाड उरले असते.

तिसरी मागणी रोजच्या देखभालीची आहे. चर्चच्या मध्यभागी कबरींवरून चालावे लागू नये म्हणून जमिनीत खिळे न ठोकता ठेवता येईल असा लाकडी मार्ग करावा. चित्रीकरण, लग्नाआधीची छायाचित्रे, वाहने आणि खेळ यांना चर्चच्या आत पूर्ण मनाई असावी. १९५८ च्या प्राचीन स्मारक अधिनियमात स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे; ती मराठी फलकावर ठळक लिहावी. वड-पिंपळाची मुळे ओढून काढू नयेत, कारण त्यांच्याबरोबर दगडही निखळतो. ती जागेवरच मारून सांधे चुन्याने भरावेत. सिमेंट वापरू नये.

१७३९ नंतर वसईच्या चर्चमधील घंटा भीमाशंकर, नाशिक, मेणवली अशा ठिकाणी गेल्या आणि देवस्थानांत पूजेच्या झाल्या. त्या परत मागण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. त्यांच्यावरील अक्षरांची व सालांची नोंद मात्र याच नोंदवहीत घेतली जावी. चिमाजीअप्पांच्या विजयाचा आम्हाला अभिमान आहे, आणि त्यांनीही पराभूतांना तहाप्रमाणे सन्मानाने बाहेर पडू दिले होते. पराभूतांच्या मागे राहिलेल्या कबरींना जपणे आम्हाला त्या अभिमानाशी विसंगत वाटत नाही. शिवाय या मातीत परक्यांइतकीच इथली बाप्तिस्मा घेतलेली माणसेही आहेत, ज्यांचे वंशज आज वसईत नांदतात.

तयार झालेली नोंद मराठीत, सर्वांना विनामूल्य पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी आणि तिची एक प्रत वसईतील सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी. येत्या पावसाळ्यापूर्वी आपण किंवा आपल्या प्रतिनिधीने आमच्यासोबत स्थळपाहणी करावी. शिळांवरील गवत हाताने काढणे, नोंदीसाठी मोजमापाला मदत करणे आणि पहारा देणे यासाठी आम्ही स्वयंसेवक आपल्या देखरेखीखाली विनामोबदला काम करण्यास तयार आहोत. पाहणीची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
वसई परिसरातील इतिहासप्रेमी नागरिक

प्रत माहितीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, पालघर
मा. आयुक्त, वसई-विरार शहर महानगरपालिका