पावतीची मागची बाजू

सकाळचे वाचन आटोपल्याखेरीज मी आलेले टपाल उघडत नाही, हे या सदराच्या जुन्या वाचकांस ठाऊक आहे; परंतु गेल्या मंगळवारी महापालिकेचा शिपाई घरपट्टीचे बिल हाती देऊन गेला, तेव्हा तो नियम मोडून मी ते दारात उभ्या उभ्याच वाचले. दरवर्षी तळाची एकूण रक्कम पाहावी, धनादेश लिहावा आणि कागद फडताळात ठेवावा, असा माझा परिपाठ. यंदा मात्र दृष्टी तळाशी पोहोचण्यापूर्वी मधल्या एका चिंचोळ्या रकान्यावर थबकली. रकान्याचे शीर्षक होते ‘वापर’, आणि त्याखाली लिहिले होते ‘भाड्याने’.

ज्या घरात मी अकरा वर्षे सलग राहतो आहे, ज्या घरात बसून या सदराचा प्रत्येक शब्द लिहिला, ते घर महापालिकेच्या दफ्तरी भाड्याने दिलेले आहे! नोकरीनिमित्त नागपुरास असताना तीन वर्षे एका कुटुंबास ते मी भाड्याने दिले होते, ही गोष्ट खरी. भाडेकरार नोंदविला आणि महिन्याभरात कर निरीक्षक येऊन पाहणी करून गेले, पुढच्याच बिलात आकारणी वाढली, आणि त्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही, कारण भाड्याचे उत्पन्न घेणाऱ्याने अधिक कर द्यावा हे मला न्याय्य वाटते. पण ते कुटुंब गेले, मी परतलो, स्वयंपाकघरात पुन्हा आमची भांडी लागली, आणि दफ्तरातील तो एक शब्द मात्र जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी क्षेत्रीय कार्यालयात गेलो. खिडकीमागील तरुण कारकुनाने नोंद काढून पाहिली आणि सौजन्यानेच सांगितले, “काका, तुम्ही कळवलं नाही ना. नोंद आपोआप बदलत नसते.” मी मागील वर्षांच्या जादा रकमेविषयी विचारले. “मागचं आता काही होणार नाही, काका. हरकत त्या त्या वेळी मुदतीत घ्यायला हवी होती. अर्ज द्या, पुढच्यापासून बदलून देऊ.” त्याचा यात काही दोष नाही, आणि मी त्याच्यावर आवाज चढविला नाही. परंतु कर वाढविणारी वार्ता ज्या यंत्रणेस एका महिन्यात आपणहून कळते, तीच यंत्रणा कर उतरविणाऱ्या वार्तेबाबत अकरा वर्षे नागरिकाच्या अर्जाची वाट पाहत बसते, हा भेद मला अन्यायाचा वाटतो आणि तो मी येथे स्पष्ट शब्दांत नोंदवीत आहे.

हिशेब थोडक्यात सांगतो. आपल्या राज्यात मुंबईबाहेरच्या महापालिकांचा कारभार 1949 च्या अधिनियमावर चालतो. त्यानुसार घरास वर्षाकाठी जे वाजवी भाडे येऊ शकेल त्यातून दुरुस्तीखातर दहा टक्के वजा करतात. उरते ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, मलनिःसारण, अग्निशमन, वृक्ष असे निरनिराळे कर बसतात. (शिक्षणाचा शासकीय कर महापालिका वसूल करते, पण तो जातो राज्याच्या तिजोरीत.) स्वतः राहत असाल आणि मासिक भाडे 2,000 रुपये धरले, तर वर्षाचे 24,000, वजा 2,400, मूल्य 21,600, तीच जागा 6,000 रुपयांच्या भाडेकराराने नोंदली गेली, तर मूल्य 64,800. भिंती त्याच, खिडक्या त्याच, आणि कर तिप्पट. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर आकारणी होते, आणि 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्यास 1970 पासून मिळणारी चाळीस टक्क्यांची सवलत मध्यंतरी बंद पडली होती, ती 2023 साली पुन्हा लागू झाली. पण ज्यांच्या मिळकतीस ती लागलेली नव्हती त्यांना स्वतः राहत असल्याच्या पुराव्यासह अर्ज भरून ती मागावी लागली. माजी सैनिकांसाठीही करमाफीची योजना आहे. कर सहामाही, आगाऊ, 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला देय होतो. थकला तर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे वर्षास चोवीस. आकारणीविरुद्ध न्यायालयात अपील करावयाचे तरी वादातील रक्कम आधी भरावी लागते. म्हणूनच सामान्य माणसाचे खरे शस्त्र न्यायालयात नाही. नोटिशीवरील मुदतीच्या आत दिलेल्या साध्या लेखी हरकतीत आहे.

अर्जासोबत जुन्या पावत्या जोडाव्यात म्हणून मी वडिलांची पत्र्याची पेटी माळ्यावरून काढली, आणि मग बुधवारची उरलेली दुपार, खरे सांगायचे तर गुरुवारची सकाळही, त्या पेटीतच गेली. वडील एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतः पायी जाऊन घरपट्टी भरीत. रांगेत उभे राहण्यासाठी धोतर धुतलेले, खिशात मोजून घेतलेली रक्कम, आणि परतताना आईसाठी मोगऱ्याचा गजरा, हा त्या दिवसाचा ठरलेला विधी होता. 1974 पासूनच्या सगळ्या पावत्या त्यांनी सुतळीने बांधून ठेवल्या आहेत. हे मला माहीत होते. माहीत नव्हते ते हे, की प्रत्येक पावतीच्या मागच्या बाजूस त्यांनी पेन्सिलीने एकेक ओळ लिहिली आहे.

एकीवर आहे: “गल्लीतील गटार बांधून झाले.” दुसरीवर: “पाणी दोन वेळ, दाब चांगला.” त्यानंतरच्या चार पावत्यांवर एकच मजकूर थोड्याथोड्या फरकाने आला आहे: “कोपऱ्यावरचा दिवा नाही. अर्ज दिला.” पाचवीवर केवळ: “दिवा लागला.” त्या दोन शब्दांपाशी मी फार वेळ थांबलो. माझ्या लहानपणी त्या कोपऱ्यावर दिवा लागला होता हे मला आठवते. तो चार वर्षांच्या अर्जांनी लागला होता, हे मला कोणीही सांगितले नव्हते, वडिलांनी तर नाहीच.

कराकडे पाहण्याची ही दृष्टी त्यांना कोठून आली असेल, याचा विचार करताना महात्मा फुले यांचे स्मरण झाले, कारण वडील त्यांच्याविषयी आदराने बोलत. जोतीराव 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला तेव्हा, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा असे म्हणून, सरकारनियुक्त सभासद असूनही त्यांनी एकट्याने विरोध केला. वडिलांची पेन्सिलीची ओळ त्या परंपरेतील आहे, असे मी अभिमानाने म्हणतो. मी अकरा वर्षे वेळेवर कर भरला. त्यांनी कर भरला आणि वाचलाही.

जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला. आज महापालिकेच्या हातात स्वतःचे असे जे उत्पन्न उरले आहे त्यात आपली घरपट्टी प्रमुख आहे. ती बुडवावी असे मी कधीही म्हणणार नाही. पण ज्या रकमेवर शहराचे पाणी आणि दिवे चालतात तिचा हिशेब देणाऱ्यास समजेल असा असावा: क्षेत्रफळ किती धरले, दर कोणता लावला, वजावट किती दिली आणि सवलत का नाकारली, या चार गोष्टी बिलाच्या दर्शनी भागावर ठळक छापाव्यात, आणि भाडेकराराची मुदत संपताच घरमालकास एक विचारणापत्र आपणहून धाडावे, एवढी माझी आमच्या महापालिकेकडे मागणी आहे. माझ्या अर्जाची पोच शुक्रवारी मिळाली, त्यावर आवक क्रमांक आहे. निकाल लागेल तेव्हा याच जागी कळवीन.

तोवर वाचकहो, एवढे करा. या रविवारी आपले बिल काढा आणि तळाचा आकडा शेवटी पाहा. नाव अजून दिवंगत वडिलांचे किंवा सासऱ्यांचे आहे का, क्षेत्रफळ खरेदीखताशी जुळते का, आणि ‘वापर’ या रकान्यात काय लिहिले आहे, हे आधी पाहा. चूक आढळली तर आकारणीचा उतारा मागवा, लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.