नाव भागीदाराचं, जोखीम एकटीची

मैत्रिणींनो, 'डिलिव्हरी पार्टनर' हा शब्द ऐकला की 'गृहलक्ष्मी' आठवते. नाव मोठं द्यायचं आणि हक्क हातचे राखायचे, ही युक्ती आपल्या चांगलीच ओळखीची आहे. पेटीवर नाव कंपनीचं, दर कंपनीचा. पण स्कूटर, पेट्रोल आणि मोडलेलं हाड आपलं!

खासगी दुचाकीच्या विम्याचा कागद एकदा काढून वाचा. 'वापराच्या मर्यादा' या सदरात लिहिलेलं असतं : भाडे वा मोबदल्यासाठी किंवा मालवाहतुकीसाठी वापर केल्यास संरक्षण नाही. म्हणजे हप्ता वेळेवर भरूनही, कुणाचं जेवण पोचवताना गाडी ठोकली गेली, तर नुकसानभरपाईचा दावा नाकारायला विमा कंपनी मोकळी.

बाईची कोंडी आणखी पुढची. विम्यातलं १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं 'मालक-चालका'साठी. परवाना तर हवाच, शिवाय गाडीही स्वतःच्या नावावर हवी. आता सांगा, आपल्या घरातली स्कूटर कुणाच्या नावावर असते? नवऱ्याच्या, भावाच्या, सासऱ्याच्या. ती चालवून घर चालवणारी बाई रस्त्यावर पडली, तर कागदाच्या लेखी ती मालक नाही. सातबाऱ्यावर नाव नाही, घरावर नाव नाही, आता आरसी बुकावरही नाही!

कंपन्या सांगतात, आम्ही अपघात विमा काढतो. पण तो कुणाला, कधी, कोणत्या अटींवर, हे त्याच ठरवणार. हक्क म्हणतात तो हा नव्हे, ही मेहरबानी झाली.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने गिग कामगारांची दखल घेतली, कंपन्यांच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के निधीची तरतूद केली. हे कामगारांच्या लढ्याचं यश आहेच. पण संहितेने त्यांना 'कर्मचारी' मानलेलं नाही. दर कंपनी ठरवते, आयडी कंपनी बंद करते, मग अपघाताच्या क्षणीच कामगार 'स्वतंत्र' कशी होते?

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. कामाच्या वापराचा विमा कंपनीच्या खर्चाने निघाला पाहिजे. गाडी कुणाच्याही नावावर असो, परवानाधारक चालवणारीला अपघात संरक्षण मिळालं पाहिजे. आणि प्रत्येक अटीचा कागद मराठीत हातात पडला पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या गाडीचा विमा आणि आरसी बुक घेऊन यावं. नाव कुणाचं आहे, तिथूनच सुरुवात करू.